पाहुण्यांसमोरचा नाना

९ फेब्रुवारी

दादा,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय. कागदावर मध्येच "अगं, ऐक तर" म्हणता येत नाही, हा मोठाच फायदा आहे.

समाजकल्याण खात्याचं पत्र आलं. आपल्या नानाची श्रेणी बदलली. आतापर्यंत तो तिसऱ्या श्रेणीत होता, म्हणजे दिवसरात्र माणूस सोबत. आता पहिल्या श्रेणीत टाकलाय. म्हणजे सकाळी दोन तास एक बाई येणार, आंघोळ झाली का बघणार आणि जाणार. आई गेल्यापासून तो ज्या घरात त्या दोघा मित्रांबरोबर राहतो, त्या घराचा खर्च खातं फक्त तिसऱ्या श्रेणीसाठी देतं. तेव्हा महिनाअखेरीला खोली रिकामी करा, असं लिहिलंय. खोलीतला माणूस कुठे जाणार, यावर एक अक्षर नाही. चव्वेचाळीस वर्षांचा झाला तरी ज्याला शर्टाची मागची बाजू कुठली ते सांगावं लागतं, तो म्हणे एकटा राहणार.

खाली कारण दिलंय, ते जसंच्या तसं उतरवते. "चाचणी थोरल्या बंधूंच्या उपस्थितीत घेतली. प्रश्नांना तत्पर व अचूक उत्तरे दिली. झटके लहानपणी येत असत, आता येत नाहीत, असे बंधूंनी सांगितले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अचूक उत्तरं? आपल्या नानाने? कामावरून तशीच, केसांत प्लास्टरची भुकटी घेऊन, त्या घरी गेले. नाना धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत बसला होता. विचारलं, "नाना, त्या खात्याच्या बाई आल्या होत्या ना? काय काय विचारलं?"

गडी इतका खूश! म्हणाला, "दादा आला. मी हुशार." मग मला खुर्चीवर बसवलं, स्वतः दुसऱ्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला आणि आवाज न काढता ओठ हलवले. मं-ग-ळ-वा-र. दादा, तुझा खालचा ओठ बोलताना डावीकडे ओढला जातो ना, तोसुद्धा त्याने ओढून दाखवला.

मला सगळं कळलं. पाहुणे आले की आपल्या घरात काय चालायचं ते विसरले नाही मी. बाबा नानाला मधल्या खुर्चीवर बसवायचे. आई बशा मांडायची. मी आतल्या खोलीत ओल्या चादरी लपवायचे. आणि तू पाहुण्यांच्या पाठीमागे उभा राहून ओठांनी उत्तरं पुरवायचास. एक ते वीस आकडे, आठवड्याचे वार, बाबांच्या साहेबांचं नाव. पाहुणे म्हणायचे, "अहो, हा तर चांगला हुशार आहे की!" आणि बाबांची मान दोन बोटं वर जायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, यावर आपलं अख्खं घर चाललं.

पण ही बाई पाहुणी नव्हती, दादा. मी तिला मोजणीबाई म्हणते. ती मोजायला आली होती आणि तू नानाला टाचा वर करून उभा केलास.

वर, त्या घरी त्याला सांभाळणाऱ्या मावशीला त्या दिवशी सुट्टी दिलीस. "घरचाच माणूस आहे मी, तुम्ही जा," म्हणालास. मावशी सुट्टीला नाही म्हणणाऱ्यातली नाही, ती गेली. मलाही म्हणालास, "तू कामावरून कशाला येतेस, मी आहे ना." मी विश्वास ठेवला आणि दिवसभर लोकांच्या कवळ्या घासत बसले.

आणि झटके येत नाहीत हे तुला कोणी सांगितलं? गेल्याच महिन्यात दोनदा आले. झोपेत येतात. मावशी त्याला कुशीवर वळवते, तोंड पुसते, शुद्धीवर येईपर्यंत हात धरून बसते. एकटा असताना आला आणि तोंड उशीत गेलं, तर सकाळच्या दोन तासवाल्या बाईला काय सापडेल याचा विचार कर. तू म्हणशील, मला कोणी कळवलं नाही. तू विचारलंस कधी?

खात्याला लिहून दे, की उत्तरं तू पुरवलीस आणि झटक्यांबद्दल तुला काहीही माहीत नव्हतं. बाकी मी बघते.

तुझी बहीण


२० फेब्रुवारी

दादा,

तुझं टाइप केलेलं पत्र मिळालं. सख्ख्या बहिणीला टाइप करून कोण लिहितं रे? सही तरी हाताची केलीस, हे उपकार.

"तू त्याला नेहमीच लहान करत आलीस. मी त्याला माणूस म्हणून सन्मानाने पुढे आणलं." हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो रात्रपाळी करून येऊन झोपला होता बिचारा. म्हणाला, "चोराच्या उलट्या बोंबा," आणि कूस बदलून परत झोपला.

सन्मान! सन्मान म्हणजे काय ते सांगते. परवा मावशीने नानाला अर्धा तास वेळ दिला आणि त्याने स्वतःच्या हाताने दाढी केली. अर्धी. उरलेली तिने केली. त्या घरात त्याला अर्धी दाढी करायला मिळते, कारण उरलेली करायला तिथे माणूस असतं. तू जे केलंस तो देखावा. आणि तो बाबांसाठी होता, त्याच्यासाठी नव्हताच कधी.

आता तू शोधलेल्या त्या संस्थेबद्दल. शहराबाहेर, मोठी बाग, निम्मा खर्च तू देणार. उंटावरून शेळ्या हाकायला तुला बरं जमतं. मी गेले बघायला. एक दिवसाचा पगार बुडवून, दोन बस बदलून गेले. बाग आहे, खोटं कशाला बोलू. बागेत कोणी नव्हतं. सगळे एका लांबट खोलीत, भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर. भर दुपारी झोपायच्या कपड्यांत. टीव्ही चालू होता, त्यावर कसलीतरी जाहिरात, बघत कोणी नव्हतं. झोपायच्या खोल्यांच्या दारांना कड्या बाहेरून. व्यवस्थापक मला म्हणाला, "आमच्याकडे कोणी त्रास देत नाही हो." आणि मी कौतुक करीन म्हणून थांबला. परतीच्या बसमध्ये मी रडले नाही. मनातल्या मनात तुला शिव्या देत होते, त्यात वेळ बरा गेला.

दुसरा मार्ग, सध्याच्या घराचा खर्च आपणच भरायचा. तो माझ्या पगाराच्या दीडपट आहे. तुझ्या पगाराचा कितवा भाग आहे ते तू मला कधी सांगितलं नाहीस आणि मी विचारणार नाही. तू आज हो म्हणशील. पुढच्या वर्षी घराचं काम निघेल, मुलीची फी निघेल, आणि नानाची खोली तुझ्या सोयीवर लटकत राहील. खात्याने द्यायचं ते खात्यानेच दिलं पाहिजे.

तिसरा मार्ग मी. आमचं घर दीड खोलीचं. नवरा दिवसा झोपतो, मी सकाळी सातला बाहेर पडते. नानाने गॅस चालू केला तर आधी कोण जागा होणार, नवरा की शेजारी?

खात्यात जाऊन आले. डॉक्टरांचा कागद घेऊन गेले होते. खिडकीतल्या माणसाने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "बाई, इथे लिहिलंय झटके नियंत्रणात आहेत. मग रात्रीचा माणूस कशाला?" मी म्हटलं, "अहो, रात्रीचा माणूस वेळेवर औषध देतो म्हणून तर नियंत्रणात आहेत." तो म्हणाला, "तसं यात लिहिलेलं नाही." छत्रीमुळे माणूस कोरडा राहिला, तेव्हा आता छत्री काढून घ्या, असा कारभार. मी खिडकीवर हात आपटला. मागच्या रांगेतली एकजणी म्हणाली, "आपटा अजून." तर मी अजून एकदा आपटला. त्याने अपिलाचा अर्ज बाहेर सरकवला.

तू लिहून देणार आहेस की नाही, एवढंच कळव. टाइप केलं तरी चालेल.


६ मार्च

दादा,

अपील दाखल करून घेतलं. निकाल लागेपर्यंत नाना तिथेच राहील. चाचणी पुन्हा होणार, मोजणीबाई तीच. मला वाटलं होतं निदान दुसरी पाठवतील.

तुझा फोन आला तेव्हा मी उचलला नाही, कारण कामात होते. दुसऱ्यांदा आला तेव्हा कामात नव्हते, तरी उचलला नाही. मग वहिनी बोलली. म्हणाली, "त्यांची अडचण समजून घ्या ना. विमा कंपनीत एवढ्या मोठ्या जागेवर, आणि सरकारी चाचणीत खोटी माहिती दिली असं स्वतःच्या सहीनिशी लिहून द्यायचं?" वाईट वाटून घेऊ नकोस, पण मला हसू आलं. लोकांनी अर्जात आजार लपवला की त्यांचे पैसे नाकारायचे, यावर तुझा पगार होतो ना?

आता नीट ऐक. यापुढचं रागाने लिहीत नाही, म्हणजे राग आहेच, पण तो बाजूला ठेवून लिहितेय.

मावशीला विचारलं, चाचणीला काय करायचं. ती आमटीत मीठ किती घालायचं ते सांगावं तशी म्हणाली, "काहीच करायचं नाही. हात बांधून बसायचं. कपडे काढून ठेवायचे नाहीत, आठवण करायची नाही, अडला तर अडू द्यायचं. आणि त्यांनी विचारलं की त्याचा सगळ्यात वाईट दिवस सांगायचा. चांगला दिवस सांगायचाच नाही. सगळ्या घरचे तसंच करतात."

"त्याच्या देखत?"

"मग? चाचणीला तो समोरच लागतो."

"मावशी, त्याला कळतं गं सगळं."

"कळतं तर," ती म्हणाली. "मी काय करू? नियम मी केला का?" आणि चिडून भांडी घासायला लागली. मीही चिडले. दोघी एकमेकींवर चिडून उपयोग काय होता?

दादा, चव्वेचाळीस वर्षं आपण त्याला "तुला येतं, तुला येतं" म्हणत आलो. आता मी त्याच्या समोर बसून, परक्या बाईला, त्याला काय काय येत नाही ते मोजून दाखवायचं. त्याला झाकून ठेवणं चुकीचं होतं, मान्य. पण असं भर खोलीत उघडं करायचं?

तू एक पान स्वच्छ लिहिलंस, की मी मागे उभा होतो, एकूणएक उत्तर माझं होतं, माझा भाऊ रात्री एकटा राहू शकत नाही, तर मला त्याच्यासमोर फारसं बोलावं लागणार नाही. मावशी झटक्यांचं सांगेल, डॉक्टर नवीन कागद देतोय, आणि पहिली चाचणी तुझ्या पानाने पडेल. एवढंच मागतेय. पैसे नकोत. मी तुझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नाही, हे तुला माहीत आहे, आणि त्याचा तुला आरामच वाटत आला. एक पान दे.

चाचणी सतरा तारखेला आहे.


१९ मार्च

दादा,

तुझं पान पोचलं. चाचणीच्या आदल्या दिवशी का होईना, पोचलं. "माझ्या उपस्थितीमुळे उत्तरांवर काही अंशी परिणाम झाला असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही." मोजणीबाईने ते वाचलं, परत वाचलं आणि मला विचारलं, "म्हणजे काय?"

मी म्हटलं, "म्हणजे शेपूट घातलं."

तिने पान फाइलला लावलं आणि म्हणाली, "मग आपण सुरुवात करूया." आणि मला कुठे बसवलं असेल? स्वतःच्या मागच्या खुर्चीवर. तिला बिचारीला काय माहीत!

नाना मधल्या खुर्चीवर. मी कपडे काढून ठेवले नव्हते, म्हणून स्वेटर उलटा, एका पायात मोजा नाही. तरी केस पाण्याने चापून बसवले होते. बाई येणार म्हणून त्याने आपणहून बसवले होते. तो हसत होता.

बाईने विचारलं, "आज वार कोणता?"

त्याने तिच्या खांद्यावरून माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मी दात आवळून धरले. रोज लोकांच्या जबड्यांचे साचे करते मी, पण जबडा इतका मिटता येतो हे मला माहीत नव्हतं. तो वाट बघत राहिला. मग त्याला वाटलं असावं, हिला जमत नाहीये. कारण त्याने स्वतःचे ओठ हळूहळू, आवाज न करता हलवून मला दाखवले. असं कर, असं. मला शिकवत होता तो. मी जमिनीकडे पाहिलं. जमिनीवर त्याचा मोजा नसलेला पाय होता.

शेवटी तो म्हणाला, "दादा."

बाईने लिहिलं. पुढचा प्रश्न. नाणी ओळखता येईनात. फोन उलटा धरला. "घरात धूर झाला तर काय कराल?" याला मात्र तो पटकन म्हणाला, "आईला सांगीन." बाईने माझ्याकडे वळून पाहिलं. मी म्हटलं, "आई सहा वर्षांपूर्वी गेली." नाना म्हणाला, "हो. गेली," आणि त्याला त्यात काहीच अडचण दिसली नाही.

मावशीने झटक्यांचं सांगितलं, डॉक्टरांचा नवा कागद दिला. मला वाटलं संपलं. पण बाई म्हणाली, "मागच्या वेळी बंधूंनी स्वच्छ सांगितलंय की सगळं स्वतः करतो. या पानाने ते खोडलं जात नाही. घरच्या माणसाने समोर सांगितलं तर मी ते लिहू शकते."

म्हणून सांगितलं. अंथरूण ओलं होतं ते सांगितलं. आई असताना गॅस उघडा ठेवून झोपला होता ते सांगितलं. बसथांब्यावरच्या कोण्या माणसाने "चल" म्हटल्यावर त्याच्याबरोबर गेला आणि घड्याळ, बूट देऊन अनवाणी परत आला, ते सांगितलं. आधी नानाला वाटलं ही गंमत आहे. बुटांचं ऐकून तो हसला. मग हसू थांबलं. पायावर पाय ठेवून उघडा पाय झाकला त्याने. मग उठून माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "गप."

त्याने मला जन्मात कधी गप म्हटलं नव्हतं. आपल्या घरात तो शब्द फक्त त्याला वापरला जायचा.

मी गप बसले नाही. अजून सांगायचं होतं, ते सगळं सांगितलं. शौचाचं सुद्धा. बाई लिहीत होती, मान वर करत नव्हती. तिला लाज वाटत होती की घाई होती, मला कळलं नाही. तुझ्या पानावर एक सरळ वाक्य असतं, दादा, तर यातलं एक अक्षर माझ्या तोंडून निघालं नसतं. हे मी तुला कधीही माफ करणार नाही. रागाच्या भरात लिहितेय असं समजू नकोस. काल लिहिणार होते, राग उतरतो का बघायला एक दिवस थांबले.


२ एप्रिल

दादा,

तिसरी श्रेणी परत मिळाली. खोली नानाचीच राहिली, दिवसरात्रीची मावशी राहिली. दोन वर्षांनी पुन्हा चाचणी. बरा होणारा आजार असल्यासारखं दर दोन वर्षांनी येऊन बघणार.

आनंदाची बातमी म्हणून मी रविवारी त्याला बाहेर न्यायला गेले. आम्ही दर रविवारी नदीच्या पुलापर्यंत चालत जातो, बोटी मोजतो, त्याच्या हिशोबाने त्या नेहमी अकरा असतात. मी फाटकातून आत आले तेव्हा तो खिडकीत होता. मला पाहिलं आणि खिडकीतून गेला. एरवी माझ्या आधी दारात असतो.

मावशी खाली आली. पदराला हात पुसत म्हणाली, "येत नाही म्हणतो."

"बरं नाही का?"

"बरा आहे."

मी वर गेले. तो पलंगावर बसला होता, भिंतीकडे तोंड करून. कपडे मात्र सगळे नीट. सुलटा स्वेटर, दोन्ही मोजे, बूट, बुटांच्या नाड्यासुद्धा. मावशी म्हणाली, त्या दिवसापासून रोज पहाटे उठून एकटा कपडे घालत बसतो, हात लावू देत नाही, तासतास लागतो, चुकलं की काढून परत घालतो. मी म्हटलं, "नाना, चल, पुलावर जाऊ." तो मावशीला म्हणाला, "ताई नको. ताई सांगते."

मग त्याने मावशीलाच विचारलं, "दादा कधी येणार? दादा आला की मी हुशार."

ऐकलंस? तुझ्यामुळे त्याची खोली गेली होती. मी ती माझ्या दातांनी धरून परत आणली. आणि तो तुझी वाट बघतोय. मला इतका राग आला की जिन्यात मी भिंतीला लाथ मारली, अंगठा अजून सुजलेला आहे. राग तुझा, खात्याचा, बाबांचा आला, आणि त्याचाही आला, हेही लिहून टाकते. पण त्याचं काय चुकलं? तुझ्यासमोर तो जिंकला होता, माझ्यासमोर हरला. त्याच्या जागी असते तर दोघांपैकी कोण हवं, हे मलाही ठरवता आलं असतं.

तेव्हा ये. मी तुला बोलावत नाही, मी तुझं तोंडही बघणार नाही. तो बोलावतोय. येत्या शनिवारी ये, त्याला पुलावर ने, अकरा बोटी मोज. मावशीला सुट्टी देऊ नकोस, पण रात्री त्याच्या खोलीत तू झोप. झटका आला तर डाव्या कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, थांबेपर्यंत घड्याळ बघत राहायचं. भीती वाटेल. वाटू दे.

मी त्या दिवशी येणार नाही. तो माझ्याबद्दल काही विचारतो का, तेवढं मला कळव.

ताई